शॉर्ट शोधायचा कसा? हाताने सोल्डर केलेल्या बोर्डाची तपासणी आणि दुरुस्ती

(राजूर, ता. वणी, जि. यवतमाळ येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आमच्यासमोर टेबलावर एक झटका मशीन ठेवलं आहे. इथे बसलेल्यांना ते काय असतं हे सांगायची गरज नाही. पण ही व्याख्यानं नंतर ऑनलाइन वाचणारे लांबलांबचे लोक आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या भागात कापूस, तूर, हरभरा काहीही पेरा, रात्री रानडुक्कर आणि रोही येणारच. म्हणून शेताभोवती बारीक तार ओढतात आणि तिला हे मशीन जोडतात. बारा व्होल्टची बॅटरी, ती भरायला सोलरची प्लेट, आणि डब्यात एक बोर्ड. सेकंदाला साधारण एक, असा झटका तारेत जातो. झटका काही हजार व्होल्टचा असतो, पण तो सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यापुरताच टिकतो. जनावर दचकतं आणि मागे फिरतं. दोन झटक्यांच्या मध्ये जो रिकामा वेळ असतो, त्यात तारेला चिकटलेला हात सुटू शकतो. नीट बनवलेल्या मशीनचा सगळा भरवसा या रिकाम्या वेळेवर आणि झटक्यातल्या मोजक्या ऊर्जेवर आहे.

आता हे मशीन बंद पडलं तर काय होतं? एका रात्रीत अर्धा एकर तूर जाते. दुसऱ्या रात्री कुणीतरी सल्ला देतो, ‘मीटरवरून डायरेक्ट लाइन सोड तारेत.’ ही २३० व्होल्टची लाइन सेकंदाला पन्नास आवर्तनं करत सतत वाहते. हात सुटायला तिच्यात रिकामा वेळच नाही. अशा तारेला चिकटून विदर्भात माणसं गेली आहेत, बैल गेले आहेत, वाघही गेले आहेत. तो गुन्हा तर आहेच. आणि पुष्कळदा मशीन बंद पडण्याचं कारण काय असतं? बोर्डावर ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान असा सोल्डरचा एक थेंब नको तिथे बसलेला असतो.

म्हणून आजचा विषय. शॉर्ट शोधणं ही कुणा मोठ्या इंजिनिअरची विद्या नाही. मल्टीमीटर, मोटारसायकलचा एक बल्ब आणि थोडा धीर, एवढ्यावर ते होतं. आमचं सगळं सांगणं एका वाक्यात मावतं : शॉर्ट विजेचा जोर लावून शोधायचा नसतो, तो मोजून शोधायचा असतो.

शॉर्ट म्हणजे नेमकं काय

विजेने ज्या वाटेने जावं असं आपण ठरवलेलं असतं, ती सोडून तिला जवळची सोपी वाट मिळाली की त्याला आपण शॉर्ट म्हणतो. शेतातल्या पाटाचं उदाहरण घ्या. पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत जायला हवं, पण मध्येच पाट फुटला तर सगळं पाणी तिथूनच निघून जातं. फुटलेल्या जागेच्या पुढे पाट कोरडा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे आपण याच खुणेवरून शॉर्टची जागा काढणार आहोत.

आता या बारा व्होल्टच्या बॅटरीचं. ही सात एएचची बॅटरी दिसायला गरीब आहे, पण तिचे दोन टोक सरळ एकमेकांना लागले तर शंभर अँपिअरच्या घरात करंट जाऊ शकतो. बोर्डावरची तांब्याची पट्टी अगदी पातळ असते, साधारण ३५ मायक्रॉन. ती इतका करंट सोसत नाही, जळून उडते. म्हणजे मूळ दोष एका थेंबाचा असतो, आणि आपण बॅटरी पुन्हापुन्हा लावून त्याचे चार दोष करतो.

समोरच्या मशीनचं हेच झालं होतं. फ्यूज जात होता. मालकाने फ्यूजच्या जागी तारेची दोन पदरं पिळून बसवली. मग फ्यूज जायचा बंद झाला आणि पट्टी जळाली. यात त्या माणसाला हसण्यासारखं काही नाही. संध्याकाळ झाली होती, डुकरं येणार होती, आणि वणीचं दुकान बंद झालं होतं. पण फ्यूज सांगत होता ते कुणी ऐकलं नाही, एवढं खरं.

बोर्डाला हात लावण्याआधी

पहिलं काम म्हणजे बॅटरी काढा, सोलरची वायरही काढा. दुसरं काम त्याहून महत्त्वाचं. झटका मशीनमध्ये एक कपॅसिटर असतो, त्यात तीन-चारशे व्होल्ट साठवलेले असतात. बॅटरी काढली म्हणून तो रिकामा होत नाही. त्याच्या दोन टोकांना एक किलोओहम, दहा वॅटचा रेझिस्टर काही सेकंद लावा. रेझिस्टरच्या पायांना इन्सुलेशन असलेल्या वायर आणि क्लिपा आधीच जोडून ठेवा, उघड्या पायाला हात नको. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडण्याची पद्धत आम्ही पाहिली आहे. तिने कपॅसिटरही खराब होतो आणि डोळ्यालाही धोका असतो. नंतर मीटर डीसी व्होल्टच्या सगळ्यात मोठ्या रेंजवर ठेवून खात्री करा. आकडा शून्याजवळ आला तरच पुढे जा.

आधी डोळे

निम्मे शॉर्ट डोळ्यांना दिसतात, फक्त आपण पाहायची घाई करतो. बोर्ड उलटा करा. जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन सोल्डरची बाजू घासून काढा. राळेचा पिवळा थर निघाला की खालचं खरं चित्र दिसतं. मग मोबाइलचा कॅमेरा झूम करून एकेक रांग पाहा. झिरो पीसीबी असेल, म्हणजे नुसत्या छिद्रांचा बोर्ड, तर तो टॉर्चसमोर किंवा उन्हात धरा. बोर्डातून उजेड आरपार येतो आणि दोन ठिपक्यांमधला सोल्डरचा पूल काळ्या रेघेसारखा दिसतो. या बोर्डावर छिद्रांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर असतं. तांब्याचे ठिपके वगळले तर मधली मोकळी जागा फारच थोडी उरते. हात जरा जड झाला की तेवढी जागा भरून जाते.

काय काय पाहायचं?

दोन टाक्यांमधला पूल. कापलेल्या पायाचा तुकडा, तो बोर्डाखाली किंवा पार्टखाली अडकतो. मल्टिस्ट्रँड वायरचा एखादा सुटलेला केस. डब्याचा स्क्रू पट्टीला टेकलेला. उलटा बसवलेला डायोड किंवा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. आणि ट्रान्झिस्टरची पाठ. मोठ्या ट्रान्झिस्टरची धातूची पाठ बहुतेक वेळा त्याच्या मधल्या पायाला आतून जोडलेली असते. ती अभ्रकाची चकती न घालता पत्र्याच्या डब्याला आवळली, तर डबाच सर्किटचा भाग होतो. बोर्ड बाहेर काढला की चालतं आणि डब्यात बसवला की फ्यूज जातो, असं दिसलं तर आधी इथेच पाहा.

मीटर : बीपवर विसंबू नका

डोळ्यांना काही दिसलं नाही तर मीटर घ्या. बॅटरीच्या दोन वायर जिथे बोर्डात येतात, तिथे दोन प्रोब लावा. बहुतेक जण लगेच बझरवर जातात. बीप वाजला की शॉर्ट, नाही वाजला तर ठीक. इथेच फसगत होते.

मीटरचा बझर साधारण तीस ते सत्तर ओहमच्या खाली काहीही आलं की वाजतो. मीटरप्रमाणे हा आकडा बदलतो. आता झटका मशीनच्या ट्रान्सफॉर्मरचा बारा व्होल्टकडचा वेढा मुळातच एका ओहमच्या आत असतो. तो निरोगी असला तरी वाजणार. फ्यूज वाजणार. मोठा कपॅसिटर क्षणभर वाजून गप्प होणार. म्हणून बझर सोडा आणि मीटर २०० ओहमच्या रेंजवर लावा. आधी दोन प्रोब एकमेकांना टेकवा, जो आकडा येईल तो प्रोबच्या वायरचा, समजा ०.३. तो पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचा.

या बोर्डावर आकडा ०.४ आला होता. ०.३ वजा केला तर उरला एक दशांश ओहम. तेवढ्यावरून लगेच ‘शॉर्ट’ म्हणायचं नाही. प्रोब अदलाबदल करून पुन्हा मोजा. वाटेत डायोड किंवा ट्रान्झिस्टर असला तर दोन दिशांचे आकडे वेगळे येतात. कपॅसिटर असला तर आकडा हळूहळू चढत जातो. सोल्डरचा पूल मात्र दोन्ही दिशांना तोच आकडा दाखवतो आणि तिथेच थांबतो. या बोर्डावर दोन्हीकडे ०.४, आणि तो हलत नव्हता. शंका पक्की झाली.

एक मर्यादा इथेच सांगून ठेवतो. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, झटक्याच्या बाजूला शॉर्ट असेल, तर तो बारा व्होल्टच्या टोकावर मीटरला दिसत नाही. मीटरचा करंट एकाच दिशेचा असतो आणि ट्रान्सफॉर्मर तो पलीकडे जाऊ देत नाही. त्या बाजूची मोजणी वेगळी करावी लागते.

सिरीजचा बल्ब

वायरमनकाम करणाऱ्या सगळ्यांना सिरीज बोर्ड माहीत आहे. दुरुस्त केलेली मोटर सरळ लाइनवर न लावता आधी बल्बमधून लावतात. तीच युक्ती इथे चालते. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बारा व्होल्ट, दहा वॅटचा बल्ब घ्या आणि बॅटरीच्या प्लस वायरमध्ये मालिकेत जोडा. आता बोर्डात पूर्ण शॉर्ट असला तरी करंट ०.८ अँपिअरच्या वर जाणार नाही. पट्टी जळणार नाही आणि आपल्याला सावकाश विचार करता येईल.

बल्ब बोलतोसुद्धा. पूर्ण पेटला तर शॉर्ट आहे. क्षणभर चमकून मंद झाला तर कपॅसिटर भरला आणि बोर्ड ठीक आहे. अर्धवट पेटून राहिला तर कुठेतरी जास्त ओढ आहे, आणि ती ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडेही असू शकते. मीटरला न दिसलेली गोष्ट बल्बला अशी दिसते. पण बल्ब लावला म्हणजे बोर्ड चालू झाला हे विसरू नका. झटक्याच्या बाजूला मोठा व्होल्टेज तयार होऊ शकतो, तिकडे हात न्यायचा नाही, आणि बॅटरी काढली की कपॅसिटर पुन्हा रिकामा करायचा. प्रत्येक वेळी.

अर्ध्याचं अर्धं

शॉर्ट आहे एवढं कळलं, आता तो कुठे आहे? बोर्डावर समजा सोळा जागा संशयित आहेत. एकेक सोडवत गेलात तर सोळाव्या जागीही सापडेल. त्यापेक्षा मध्यभागी तोडा. प्लसची पट्टी जिथून दोन भागांत जाते तिथला जंपर एका बाजूने उचला आणि मोजा. शॉर्ट ज्या अर्ध्यात उरला त्याचं पुन्हा अर्धं करा. सोळाचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. चार वेळा सोल्डर सोडवून काम होतं.

मात्र पट्टी कापू नका, जंपर किंवा पार्टचा एक पाय उचला. पार्ट पूर्ण काढायची गरज नसते. एक पाय हवेत असला की तो सर्किटमधून बाद झाला. मोजून झालं की परत टाका. आणि प्रत्येक आकडा कागदावर लिहा. काय मोजलं होतं हे विसरून तीच जागा तीनदा मोजण्यात आमचा वेळ अनेकदा गेला आहे.

पाट कुठे फुटला : मिलिव्होल्टची पद्धत

काही बोर्डांवर तोडायला सोयीची जागाच नसते. एकच लांब पट्टी आणि तिच्यावर दहा पार्ट. सगळीकडे मीटर ०.४ किंवा ०.५ दाखवतो, कारण एवढ्या कमी ओहममधला फरक साध्या मीटरला कळत नाही. अशा वेळी ओहम सोडा आणि व्होल्ट मोजा.

सिरीजचा बल्ब लावलेलाच आहे. ०.८ अँपिअर करंट प्लसच्या पट्टीतून शॉर्टपर्यंत जातो आणि तिथून मायनसच्या पट्टीने परत येतो. तांब्याच्या पट्टीलाही थोडा विरोध असतोच. एक मिलिमीटर रुंद, एक सेंटीमीटर लांब पट्टीचा विरोध साधारण ५ मिलिओहम होतो. त्यातून ०.८ अँपिअर गेला की दर सेंटीमीटरला सुमारे ४ मिलिव्होल्ट पडतात. पट्टीवर सोल्डर चढवलेलं असेल तर थोडे कमी. साध्या स्वस्त मीटरला २०० मिलिव्होल्टची रेंज असते आणि ती ०.१ मिलिव्होल्टपर्यंत दाखवते. म्हणजे काम आपल्या आवाक्यातलं आहे.

लाल प्रोब प्लस वायर जिथे बोर्डात शिरते तिथे पक्का धरा. काळा प्रोब त्याच पट्टीवर पुढे पुढे सरकवा. या बोर्डावर आकडे असे आले : ४, ८, १२, १६, २०. पुढे पुन्हा २०. आणखी पुढे, २०. म्हणजे वीस आल्यानंतर पुढे करंट वाहतच नाही. पाट इथे फुटला आहे, पुढे कोरडा आहे. मग मायनसच्या पट्टीवरही तसंच केलं. तिकडेही आकडा एका जागी वाढायचा थांबला. दोन्ही जागा समोरासमोर आल्या, एका निळ्या कपॅसिटरच्या खाली. तो उचलला, तर खाली कापलेल्या पायाचा चार मिलिमीटरचा तुकडा दोन टाक्यांवर आडवा पडला होता. बोर्ड बनवताना कटरने उडालेला असणार. इतके दिवस तो टेकलेला नव्हता, एखाद्या हादऱ्याने सरकला आणि टेकला.

इथे कुणी म्हणेल, बोट लावून गरम कुठे लागतं ते का पाहू नये? पाहावं, पण त्याचाही हिशेब आहे. एखादा पार्ट आतून फुटला असेल तर त्याला काही विरोध उरलेला असतो आणि तो तापतो. त्यावर आयसोप्रोपिलचा थेंब टाकला तर तो आधी तिथेच उडून जातो. मोबाइल दुरुस्त करणारे राळेचा धूर धरून तो कुठे वितळतो ते पाहतात, तेही हेच. मात्र हे अल्कोहोल पेट घेतं, गरम आयर्न आणि ठिणगी त्याच्यापासून दूर ठेवा. आणि सोल्डरच्या पुलाला विरोध जवळजवळ नसतोच. ०.८ अँपिअरने तो तापतच नाही. म्हणून पूल शोधायला मिलिव्होल्ट, आणि बिघडलेला पार्ट शोधायला उष्णता.

पूल काढायचा कसा

सोल्डरिंग हा शब्द नवा असला तरी काम जुनं आहे. पत्र्याच्या डब्याला, पिंपाला डाख देणारे कारागीर आपल्या बाजारात बसत आले आहेत. डाख म्हणजे कथील आणि शिशाचा मिश्रधातू. आपली साठ-चाळीसची सोल्डर वायर तीच, साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं. ती १८३ अंश सेल्सिअसला मऊ व्हायला लागते आणि १९०च्या आसपास पूर्ण पातळ होते. एक फरक मात्र मोठा आहे. पत्र्यासाठी ॲसिड किंवा नवसागर चालतो, बोर्डावर तो कधीही नाही. तो मागे राहतो, ओल धरतो आणि तांबं खातो. बोर्डावर फक्त राळ.

पूल निघत नसेल तर नव्वद टक्के वेळा राळ कमी पडलेली असते. जुन्या टाक्यातली राळ जळून गेलेली असते, म्हणून सोल्डर चिकट होऊन ओढलं जातं. पुलावर थोडी राळ लावा, आयर्नची बिट ओल्या स्पंजवर पुसा आणि दोन टाक्यांच्या मधून बाहेरच्या दिशेने एकदाच ओढा. वितळलेलं सोल्डर आपणहून दोन्हीकडे तांब्यावर गोळा होतं. सोल्डर जास्त असेल तर तांब्याची जाळी, म्हणजे डिसोल्डरिंग विक, किंवा सकर वापरा. एका जागी आयर्न तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका. ठिपका उचलला तर शॉर्टच्या जागी उघडं सर्किट होतं. ब्लेडने खरवडणं हा शेवटचा उपाय.

काम झालं की हात साबणाने धुवा, मगच चहा-बिस्किटं. यात शिसं आहे.

एक सापडला म्हणजे संपलं नाही

तुकडा काढला, जळालेल्या पट्टीच्या जागी वायर टाकली आणि बल्बमधून बॅटरी लावली. बल्ब चमकला, मंद झाला, पण पूर्ण विझेना, अर्धवट पेटून राहिला. म्हणजे पलीकडे काहीतरी होतं. बॅटरी काढली, कपॅसिटर रिकामा केला, आणि झटक्याच्या बाजूला पाहिलं. एससीआर नावाचा खटका असतो, तो कपॅसिटरमधला साठा एकदम पुढे सोडतो. त्याच्या दोन पायांमध्ये बोर्डावर काळी रेघ होती.

हा आपल्या भागाचा खास दोष आहे. राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत, बारीक भुकटी सगळीकडे बसते, बोर्डावरही. चुना कोरडा असेपर्यंत फारसं बिघडत नाही. पावसाळ्यात ओल धरली की तो वीज वाहू देतो. बारा व्होल्टच्या बाजूला त्याने फरक पडत नाही, चारशे व्होल्टच्या बाजूला पडतो. आधी बारीक ठिणगी, मग बोर्डाचा पृष्ठभाग जळून कोळसा होतो, आणि कोळसा स्वतःच वीज वाहून नेतो. हा शॉर्ट ब्रशने धुऊन जात नाही. जळालेला भाग खरवडून किंवा ड्रिलने पूर्ण काढावा लागतो, स्वच्छ भाग लागेपर्यंत. आम्ही दोन पायांमध्ये आरपार खाच केली. हवा ही फुकटची आणि चांगली इन्सुलेटर आहे. मग वार्निश मारलं. झटक्याच्या बाजूला पाल किंवा मुंग्या शिरल्या तरी हेच होतं, म्हणून डब्याची भोकं जाळीने बंद करा.

त्यानंतर बल्ब चमकला आणि मंद झाला, झटक्याबरोबर फक्त लुकलुकत राहिला. मग बल्ब काढून ठरलेला फ्यूज बसवला.

नवा बोर्ड बनवताना

नवा बोर्ड एकदम सगळा भरू नका. आधी फ्यूज आणि पॉवरचा भाग, मोजा. मग पुढचा भाग, पुन्हा मोजा. शॉर्ट आला तर तो शेवटी जे केलं त्यातच असणार. प्रत्येक भागाला प्लस देताना मध्ये एक जंपर ठेवा, उद्या अर्ध्याचं अर्धं करताना उपयोगी पडेल. कापलेला प्रत्येक पाय डबीत टाका. आणि पहिली वीज नेहमी बल्बमधून.

ही विद्या गावात असण्याला मोल आहे. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो मुलांनी हाताने काम करत शिकावं म्हणूनच. आयआयटी मुंबईने २०१४ पासून शाळकरी मुलांसाठी लाखो सौर दिवे खेड्यांत पोचवले. त्यातही दिव्यांची जुळणी आणि दुरुस्ती गावातल्याच माणसांना शिकवली होती. वस्तू पोचवणं पहिल्या दिवसाचं काम असतं. ती बंद पडेल त्या दिवशी गावात कुणी असलं पाहिजे.

प्रश्नोत्तरे

‘भाऊ, फ्यूज उडते तं एक नंबर मोठा टाकून पाहाले काय होते?’

हाच प्रश्न यायला हवा होता. दोन अँपिअरचा जातो म्हणून पाच टाकला, तर शॉर्ट तसाच राहतो आणि जळण्याची पाळी पट्टीवर येते. फ्यूज दहा-वीस रुपयांना मिळतो, ट्रान्सफॉर्मर नाही मिळत. फ्यूज एकदा गेला तर तसाच दुसरा टाकून पाहा. दुसराही गेला तर थांबा आणि बल्ब लावा.

‘माह्याजवळ मीटर नसन तं?’

बल्ब आणि बॅटरी असली तरी पूर्ण शॉर्ट आहे की नाही ते कळतं, आणि जंपर उचलत अर्ध्याचं अर्धंही करता येतं. पण झटका मशीन उघडत असाल तर मीटर हवाच. कपॅसिटर रिकामा झाला की नाही हे बल्ब सांगत नाही.

‘पार्टच शॉर्ट आहे की सोल्डर, हे कसं ओळखायचं?’ (आयटीआयच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न)

पार्टचा एक पाय उचला. बोर्डावरचा शॉर्ट गेला आणि पार्टमध्ये राहिला तर पार्ट खराब. शॉर्ट बोर्डावरच राहिला तर पार्ट निर्दोष आहे, परत लावा. नवा पार्ट आणण्याआधी ही परीक्षा कराच.

‘आज रात्री मशीन बंदच राहिलं तर काय करायचं?’

शेजाऱ्याचं जास्तीचं मशीन मागा, जागली करा, फटाके वाजवा. एक रात्र जाईल, कदाचित थोडं पीकही जाईल. पण डायरेक्ट लाइन सोडू नका. पहाटे त्या तारेपाशी सगळ्यांत आधी आपल्याच घरचं माणूस जातं. सकाळी मशीन घेऊन या, बसून शोधू.